दोन्हींत जे कडक ते

श्रुतिकाला सातवा महिना लागला होता, आणि त्या वर्षी सूर्यग्रहण आलं ते नेमकं लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, सूर्य मावळायच्या सुमारास. दुसरा मुहूर्तच मिळाला नाही त्याला. मुलुंडला, मिठागर रोडवरच्या त्यांच्या घरात आदल्या संध्याकाळी पूजा आटोपली, आणि सासूबाईंनी, म्हणजे रत्नप्रभाबाईंनी, हातावरची रांगोळी धुतली न धुतली तोच बेडरूमच्या खिडकीला जुन्या चादरी बांधायला घेतल्या. एक चादर पुरे होती. त्यांनी दोन बांधल्या, वर ग्रिलला अशा गाठी मारल्या की सोडवायला सुरीच लागावी. सुरी मात्र त्यांनी आधीच उचलून माळ्यावर टाकली होती. कात्री, सुई, विळी, श्रुतिकाच्या ड्रॉवरमधलं पेन्सिलीचं शार्पनरसुद्धा.

"आई, शार्पनरनं काय होणार आहे?" श्रुतिकानं विचारलं.

"काय होवचा नाय," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "म्हणानच ठेवलंय वर."

श्रुतिकाचं माहेर वेसाव्याच्या कोळीवाड्यातलं, सासर मालवणातून मुंबईला आलेलं. सासऱ्यांची गिरणी बंद पडली, मग त्यांनी विक्रोळीच्या एका कारखान्यात नोकरी धरली आणि तिथूनच रिटायर होऊन पुढे वारले. घरात आता तिघंच, सासूबाई, नवरा सौरभ आणि ही. सौरभ बँकेत. ग्रहणाच्या दिवशी बँक चालू होती, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचा आनंदच झाला होता. सकाळी डबा न घेताच पळाला. दोन बायकांच्या मध्ये उभं राहायची वेळ आली की त्याला नेहमी काहीतरी तातडीचं काम निघतं.

दोन बायका म्हणजे एक त्याची आई आणि दुसरी श्रुतिकाची, कमळ. श्रुतिका सासूला आई म्हणते आणि स्वतःच्या आईला आये, त्यामुळे गोंधळ होत नाही. कमळ वेसाव्याच्या बाजारात मच्छी विकते. पोरगी इंजिनिअर झाली त्याचं तिला कोण कौतुक. 'आमची श्रुती पाइपांचं काम करते' असं ती सगळ्यांना सांगायची, आणि निम्म्या कोळीवाड्याचा समज असा झाला की कमळची पोरगी नळदुरुस्ती करते. एकदा तर शेजारणीनं तिला गळकी तोटी दाखवायला बोलावलं होतं.

हा चादरींचा आणि शार्पनरचा उद्योग सुरू कसा झाला, ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर सासूबाईंवर उगाच राग धरला जाईल.

त्याच्या आदल्या वर्षी श्रुतिकाला दिवस गेले होते आणि चौथ्या महिन्यात ते राहिले नाहीत. झालं ते झालं. डॉक्टर बाईंनी तिला केबिनमध्ये बसवून स्वच्छ सांगितलं, की यात तुमचं काही चुकलेलं नाही, घरच्यांचं काही चुकलेलं नाही, अशी गर्भधारणा बरेचदा मुळातच टिकणारी नसते, खाण्यानं-फिरण्यानं काही झालेलं नाही. श्रुतिकानं मान डोलावली, घरी आली आणि हे कुणालाच सांगितलं नाही. सौरभलासुद्धा अर्धंमुर्धंच. का नाही सांगितलं? कारण ते ऐकून तिला हायसं वाटायच्या ऐवजी धडकीच भरली. काही चुकलं असतं तर पुढच्या वेळी ते टाळता आलं असतं. काहीच चुकलं नसेल, तर मग धरायचं कशाला? पुन्हा कधीही, कसंही होऊ शकतं, एवढाच त्याचा अर्थ.

घरात तेव्हापासून एक गप्पपणा शिरला होता. कमळनं पोरीकडे चिंबोऱ्या पाठवणं बंद केलं, म्हणजे अगदीच बंद. खेकडे ही श्रुतिकाची जीव की प्राण असलेली गोष्ट, पण कमळ विषयच काढू द्यायची नाही. इकडे रत्नप्रभाबाई गुडघे दुखत असताना स्वतः गच्चीवर चढायला लागल्या. पापड असोत, कोकमाची सोलं असोत, वाळत घातलेली गोधडी असो, सुनेला जिना चढू म्हणून द्यायच्या नाहीत. श्रुतिकाला वाटायचं, दोघी मनातून मलाच दोष देतात, तोंडावर बोलत नाहीत इतकंच.

म्हणून या खेपेला दिवस गेल्यावर तिनंच एक दिवस दोघींना समोर बसवलं. एकीनं पपई बंद सांगितली होती, दुसरीनं अननस. एक म्हणे संध्याकाळी उंबऱ्यात बसू नको, दुसरी म्हणे खाडीचा वारा घेऊ नको. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. तेव्हा श्रुतिका म्हणाली, "भांडू नका. तुमचं आणि आयेचं, दोन्हींत जे कडक असेल ते मी पाळीन."

दोघी खूश झाल्या. हिला वाटलं, सुटलो. वाट लागायला सुरुवात तिथूनच झाली.

हे वाक्य तिनं मनानं काढलेलं नव्हतं. ते ऑफिसातून घरी आलेलं होतं.

अंधेरीला, मरोळकडे, तिची डिझाइनची कंपनी आहे. देशोदेशीच्या कारखान्यांचे पाइप कसे असावेत ते तिथं कागदावर ठरतं. श्रुतिकाचं काम म्हणजे पाइप तापला की किती वाढेल आणि वाढून कुणाला ढकलेल, हे आधीच हिशेब करून सांगणं. लोखंड तापल्यावर वाढतं हे शाळेत सगळेच शिकतात. पण वाढलेल्या लोखंडाला जायला जागा लागते, आणि ती दिली नाही तर ते शेजारच्याला रेटून स्वतःच जागा करून घेतं, हे नोकरीत आल्यावरच कळतं. म्हणून लांब लाइनीत मुद्दाम वळण ठेवतात. बघणाऱ्याला वाटतं, सरळ न्यायचं सोडून ही गोल गोल थेरं कशाला? त्या वळणात पाइपाला वाकायला मिळतं, एवढंच कारण.

या कामाची पुस्तकं असतात, त्यांना कोड म्हणतात. श्रुतिकाच्या टेबलावर कायम दोन असत. एक वीजकेंद्रांच्या पाइपांचा, ऑफिसच्या बोलीत पॉवर कोड. दुसरा रसायनांच्या, तेलाच्या कारखान्यांचा, तो प्रोसेस कोड. एकाच घरातले दोघं भाऊ, पण स्वभाव निराळे. वीजकेंद्र चाळीस चाळीस वर्षं चालायचं असतं, बंद पडलं तर गावंच्या गावं अंधारात, म्हणून पॉवरवाला पाइप जाड मागतो. प्रोसेसवाला म्हणतो, थोडा पातळ चालेल, पण जोड जास्त तपासा, आत काय वाहतंय ते नीट बघून मग ठरवा. आपापल्या जागी दोघंही बरोबर. श्रुतिकानं दोन्हींची तुलना करत वर्षं काढली होती. कुणी विचारलं की कुठला चांगला, तर ती वैतागायची. "चांगला-वाईट नाही रे. कुठे वापरतोस ते सांग," म्हणायची.

त्या दिवाळीत तिच्या हाती एक लाइन होती. आखातातल्या एका कारखान्यात बॉयलरमधून गरम वाफ घेऊन टर्बाइनला नेऊन देणारी. आता बॉयलर म्हणजे पॉवरवाल्याचं राज्य, आणि कारखाना प्रोसेसवाल्याचा. हद्द कुठे? तर मधल्या बंद करायच्या व्हॉल्व्हवर. पण ग्राहकानं करारात एक ओळ लिहिली होती, अशा कामांत बहुतेक जण लिहितात तीच, की दोन नियमांत मतभेद आला तर जे कडक ते धरावं.

तिचे साहेब निमेशभाई, घाटकोपरचे. माणूस वाईट नाही, पण भित्रा. त्यांच्या पहिल्या नोकरीत कुठल्याशा कारखान्यात लाइन फुटून एक फिटर भाजला होता. निमेशभाईंची त्यात काडीची चूक नव्हती, तशी चौकशीही झाली होती. पण तेव्हापासून ते ज्या पाइपाला हात लावतील त्याची जाडी एक नंबरानं वाढायची. इथंही तेच. करारात ओळ होतीच. त्यांनी जाडी पॉवरची घेतली, तपासणी प्रोसेसची घेतली, आणि त्यावर स्वतःचा म्हणून एक नंबर चढवला. "मिक्स करून टाक यार. उद्या कोणी बोट दाखवायला नको," म्हणाले.

श्रुतिकानं ती लाइन तापवून पाहिली, म्हणजे कंप्युटरवर. पाइप इतका जाड झाला होता की वाकायलाच तयार नाही. एका टोकाला बॉयलर, दुसऱ्या टोकाला टर्बाइन, मध्ये हा दांडगट. तापून वाढला की सगळा रेटा टर्बाइनच्या तोंडावर, टर्बाइन बनवणाऱ्यानं जेवढा चालेल म्हटलं त्याच्या दुप्पट. तिनं निमेशभाईंना दाखवलं. ते म्हणाले, "पण जाड म्हणजे सेफ." तिनं पुन्हा दाखवलं. ते म्हणाले, "ग्राहकाच्या मीटिंगमध्ये बघू." आणि आखातातल्या ग्राहकाला दिवाळीशी काय देणंघेणं? मीटिंग ठरली ग्रहणाच्याच दिवशी, संध्याकाळी. व्हिडिओवर. त्यात लाइन पास झाली की पाइपांची ऑर्डर जाणार, मग बदलायचं म्हटलं तरी बदलता येणार नाही. आणि हिशेबाच्या कागदावर नाव श्रुतिकाचं.

तिला त्या मीटिंगमध्ये बोलायचं होतं. बस, एवढंच. वर्षभर अंगावर वागवलेली लाइन होती ती, आणि पुढल्या महिन्यात बाळंतपणाची रजा लागणार होती.

ग्रहणाच्या दिवशी कमळ सकाळीच आली. वेसाव्याहून मेट्रोनं घाटकोपर, तिथून मुलुंड. हातात करंज्यांचा डबा आणि डब्यात तुळशीची पानं. रत्नप्रभाबाईंनीही सगळ्या भांड्यांत तुळस टाकली होती. तेवढ्या एकाच बाबतीत दोघींचं एकमत.

मग हळूहळू सगळं बाहेर पडायला लागलं. रत्नप्रभाबाईंच्या पंचांगात पोटुशीला दुपारपर्यंत खायला मुभा होती. कमळच्या भटजीनं सांगितलं होतं, सकाळपासून पाण्याशिवाय काही नाही. कडक कोण? कमळ. म्हणून जेवण बंद. रत्नप्रभाबाईंच्या मते लॅपटॉप चालत होता, त्यात कापाकापी नसते. कमळच्या मते त्याचा उजेड पोटाला बाधतो. म्हणून लॅपटॉप बंद. रत्नप्रभाबाई म्हणाल्या सूर्य मावळला की सुटलं, कमळ म्हणाली उद्याचा सूर्य दिसेपर्यंत काही खरं नाही. तर मग उद्यापर्यंत. ओळ श्रुतिकाचीच होती, कुणाला काय बोलणार? तिनं निमेशभाईंना फोन केला की मी व्हिडिओवर येऊ शकत नाही. ते म्हणाले, "अगं, आराम कर. प्रांजल बघेल." त्यांच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी तिला जाणवलं.

प्रांजल तिच्या शेजारच्या टेबलाचा. हुशार, पण साहेबांसमोर त्याची जीभ टाळूला चिकटते. तिनं फोनवर त्याला सगळं समजावून सांगितलं. तो "हो हो" म्हणत राहिला. ती ओळखून होती त्या "हो हो"ला.

संध्याकाळ झाली. चादरींमुळे खोलीत आधीच अंधारलेलं. बाहेर एरवी फटाक्यांचा दणका असतो, त्या वेळी सगळं चिडीचूप. श्रुतिका पलंगावर, पोटात भूक, पाठीला कळ, आणि दाराशी दोघी जणी.

"पाय लांब कर गो," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "दुमडू नको. आणि आता जागची हलू नको ग्रहण सुटासर."

"बसवू नका तिला," कमळ म्हणाली. "बाय गो, ऊठ तू. ग्रहणात बसून रावाचं नाय. चालत राव. माझ्या येळेला मी घरात येरझाऱ्या घालत होते, आयनं बसू नाय दिलं मना."

"आमच्यात चलणा नाय तसा."

"आमच्यात बसणं चालत नाय."

श्रुतिका अर्धी उठलेली, एक हात पलंगावर. आता यात कडक कुठलं? बसणं की चालणं? पपईचं ठरवता येत होतं, जेवणाचं ठरवता येत होतं. हे ठरवता येईना. बसली तर एकीचं मोडतं, उठली तर दुसरीचं. दोघी तिच्याकडे बघत होत्या, आणि दोघींच्या चेहऱ्यावर खरीखुरी भीती होती. तिला एकदम गुदमरल्यासारखं झालं. खोलीत हवा नव्हतीच, पण ते त्याच्यामुळे नव्हतं. पोटातलं बाळ आतून बरगडीला रेटत होतं. ती तशीच, ना बसलेली ना उभी, पलंगाच्या कडेला धरून राहिली. रडू येत होतं, आणि रडायला तरी ग्रहणात परवानगी आहे की नाही तेही कुणी सांगितलेलं नव्हतं.

उशीखाली तिचा फोन होता. लॅपटॉप गेला होता, पण फोन कुणाच्या लक्षात आला नव्हता. तिनं तो घेतला आणि मीटिंगमध्ये शिरली, कॅमेरा बंद, आवाज बंद, नुसती ऐकायला.

निमेशभाई बोलत होते. करारातली ओळ त्यांनी वाचून दाखवली. दोन्ही कोडमधलं कडक ते घेतलंय, वर आमच्याकडून थोडं जास्तच ठेवलंय. तिकडच्या साहेबांनी विचारलं, टर्बाइनवरच्या भाराचं काय? प्रांजलचा आवाज आला. जाड पाइप म्हणजे जास्त सुरक्षित, सर. बरं, म्हणाले साहेब, मग हा मुद्दा बंद करू या.

श्रुतिकानं बटण दाबलं.

"एक मिनिट, सर. मी श्रुतिका. हिशेब माझा आहे."

बोलणं इंग्रजीत चाललं होतं, पण तिचा आवाज इतका चढला की दारातल्या दोघी दचकल्या. मराठीत सांगायचं तर ती हे बोलली: "पाइप जाड आहे तो आतल्या दाबापुरता सुरक्षित आहे. पण दोन्ही टोकांना तो बांधलेला आहे, सर. तापला की वाढणार, आणि जाड असल्यामुळे वाकणार नाही. टर्बाइनला ढकलणार. आपण दोन पुस्तकांतली कडक कडक पानं फाडून तिसरंच पुस्तक बनवलंय. त्या तिसऱ्या पुस्तकाला कुणी लेखक नाही, उद्या काही झालं तर उत्तर द्यायला कुणी नाही. कुठलाही एक कोड धरा आणि तो पुरता पाळा. बॉयलरपासून व्हॉल्व्हपर्यंत पॉवरचा. व्हॉल्व्हच्या पुढे प्रोसेसचा, त्याच्या जाडीसकट आणि त्याच्या तपासणीसकट. आणि टर्बाइनच्या अलीकडे मला एक वळण हवंय. त्याशिवाय मी सही करणार नाही."

तिकडच्या साहेबांनी विचारलं, "तसा हिशेब करून पाहिलाय?"

"हो. बसतो. निमेश सरांकडे पाठवलाय."

कागद पुढेमागे झाल्याचा आवाज आला. साहेब म्हणाले, वळणाला जागा देता येईल. सुधारून पाठवा, ऑर्डर थांबवतो.

श्रुतिकाच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि तेवढ्यात निमेशभाईंचा आवाज आला, गोड, समजूतदार. "गुड पॉइंट, श्रुतिका. थँक यू. सर, श्रुतिका आता रजेवर जातेय, तर ही लाइन इथून पुढे प्रांजल सांभाळेल." कुणाला काही वावगं वाटलं नाही. अभिनंदनसुद्धा केलं कुणीतरी, बाळाचं. ती "थँक यू" म्हणाली आणि फोन बंद केला.

म्हणजे पाइप सुटला. ही अडकली ती अडकलीच.

"कोणाशी भांडत होतीस गो?" कमळनं विचारलं.

"कुणाशी नाही, आये."

"कायतरी कडक कडक बोललंस," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. त्यांना इंग्रजी येत नाही, पण स्वर कळतो.

श्रुतिका बोलता बोलता उभी राहिली होती. तिनं दोघींकडे पाहिलं. एकीच्या हातात जपमाळ, दुसरीच्या हातात पाण्याचा तांब्या, मगापासून तसाच धरलेला. तिकडे परक्या साहेबांना सांगता आलं, आणि इथं सात महिने तोंड शिवून बसलो, असं तिला वाटलं. राग आला तिला, दोघींचा नाही, स्वतःचा.

"आई, आये, ऐका," ती म्हणाली. "मीच म्हटलं होतं, दोघींचं जे कडक ते पाळीन. चुकलं माझं. दोन्हींचं मिसळलं की मला जागाच उरत नाही. बसू शकत नाही, उठू शकत नाही. मला श्वास घेता येत नाही इथं."

"मगे एकच कोणाचा तरी धर," रत्नप्रभाबाई हळू म्हणाल्या, आणि लगेच खाली बघायला लागल्या.

"यांचंच धर बाय," कमळ म्हणाली. "तुला इथंच रावाचंय."

हे ऐकून मात्र श्रुतिकाला राहवेना. डोळे भरून आले आणि जे वर्षभर गिळून ठेवलं होतं ते भडाभडा बाहेर आलं. "कुणाचंच धरून काही होणार नाही गं. मागच्या वेळी डॉक्टर बाईंनी मला सांगितलं होतं. काही चुकलं नव्हतं. माझं नाही, घरातल्या कुणाचंच नाही. खाण्यानं नाही, फिरण्यानं नाही. तो गर्भ मुळातच टिकणारा नव्हता. मी तुम्हाला सांगितलं नाही. मला भीती वाटत होती."

खालच्या मजल्यावर कुणीतरी रेडिओ लावला होता, त्याची गुणगुण तेवढी येत होती. रत्नप्रभाबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. जपमाळ मुठीत आवळलेली.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. आवाज असा झाला होता की तसा श्रुतिकानं कधी ऐकला नव्हता. "त्या संध्याकाळी मी तुका गच्चीर धाडलंय. सोलां काढूक. आवस होती आणि तिन्हीसांज झालेली. माझे गुडघे दुखत होते म्हणान तुका धाडलंय. तेच्यामुळे नाय?"

श्रुतिकाला आता कळलं. वर्षभर ही बाई दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढत होती, ते यासाठी होय.

"नाही, आई. त्यानं नाही."

"डॉक्टर बाई बोलली तसा?"

"हो. तसंच बोलल्या."

रत्नप्रभाबाईंनी पदर तोंडाला लावला. आवाज आला नाही, खांदे तेवढे हलत राहिले. तेवढ्यात दाराशी तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"आणि माझ्या चिंबोऱ्या?" कमळनं विचारलं. ती जागची हलली नव्हती. "त्याच हप्त्यात मी डबा भरून धाडल्या होत्या. गरम पडतात, सगळी बोलतात. तरी धाडल्या. तुला आवडतात म्हणून."

"चिंबोऱ्यांनी नाही गं आये. कशानंच नाही."

कमळनं मान हलवली. मग पुन्हा हलवली. रत्नप्रभाबाईंनी डोळे पुसत बाजूला सरकून पलंगावर जागा केली आणि हातानं चादर थोपटली. कमळ येऊन त्यांच्या शेजारी बसली. ग्रहणात बसून राहायचं नाही, असं म्हणणारी कमळ.

श्रुतिकाला वाटलं, आता सासूबाई उठून खिडकीच्या चादरी सोडतील. त्या उठल्याही. गाठीला हात घातला, जरा वेळ तिथंच उभ्या राहिल्या आणि परत आल्या.

"सुटान्दे आधी," त्या म्हणाल्या. "सूर्य मावळलो की सोडूया."

म्हणजे खोली बंद ती बंदच राहिली, आणि लाइन प्रांजलकडे गेली ती गेलीच. श्रुतिका पलंगावर चढून मागे भिंतीला टेकली. पाय लांब केले, सांगितले होते तसे. थोड्या वेळानं कंबर भरून आली, तेव्हा तिनं एक पाय सावकाश दुमडून जवळ घेतला. दोघींनी पाहिलं. कुणी तिला पाय लांब कर म्हटलं नाही.